मरणासन्नाचा नकार आणि आपला कायदा

सन १९८२ च्या नोव्हेंबर महिन्यात हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यानंतर पवनारच्या आश्रमात आचार्य विनोबा भावे यांनी औषध, अन्न आणि पाणी या तिन्हींचा त्याग केला आणि त्या महिन्याच्या १५ तारखेस त्यांचे देहावसान झाले, तेव्हा आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा सांगणारे भारतीय दंडसंहितेचे ३०९ वे कलम पूर्णपणे अमलात होते. तथापि त्या कलमाचा हवाला देऊन आश्रमाच्या दाराशी जावे, असे वर्धा जिल्ह्यातील कोणाही अंमलदाराच्या मनात आले नाही. त्याआधी सोळा वर्षांपूर्वी, १९६६ च्या फेब्रुवारीत, स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मुंबईतील आपल्या राहत्या घरी अन्न व औषधे वर्ज्य केली आणि २६ तारखेस देह ठेवला. तेव्हाही कायद्याने आपले डोळे मिटून घेतले. ज्या प्रांतातील भाविक ज्ञानेश्वरांच्या समाधीला सात शतके मस्तक टेकवीत आले, त्या प्रांतात हे असेच घडणार, हे सांगण्यास समाजशास्त्रज्ञाची गरज नाही. परंतु आदर ही एक गोष्ट आणि अधिकार ही दुसरी. महापुरुषाला जे लोकांच्या आदरापोटी आपसूक लाभले, तेच एखाद्या निवृत्त कारकुनाला किंवा शेतकऱ्याच्या विधवेला, शेवटच्या दुखण्यात इस्पितळाच्या खाटेवर पडलेले असताना, हक्क म्हणून मागता येते काय आणि मागितल्यास ते कोणत्या दप्तरातून मिळते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांना पडला नव्हता, कारण त्यांच्या काळी वैद्याचे हात टेकले म्हणजे निसर्गाचे राज्य सुरू होई आणि त्या दोन राज्यांच्या सीमेवर फार काळ थांबण्याची सोयच नव्हती. कृत्रिम श्वासयंत्र, रक्तशुद्धीचे यंत्र, नाकातून जठरात जाणारी नळी, रक्तदाब टिकवून धरणारी औषधे यांनी ती सीमा रुंद केली, इतकी की आज एखादा रुग्ण त्या सीमाप्रदेशात आठवडेच्या आठवडे, क्वचित वर्षानुवर्षे, राहू शकतो. या साधनांनी असंख्य लोकांना मृत्यूच्या दारातून परत आणले आहे आणि त्यांची निंदा करणारा मनुष्य कृतघ्न म्हटला पाहिजे. प्रश्न आहे तो परत येण्याची आशाच उरलेली नाही अशा रुग्णाचा; त्याच्या बाबतीत यंत्र रोग बरा करीत नाही, केवळ मरण लांबवते.

पुढे जाण्यापूर्वी तीन निराळ्या गोष्टींची गल्लत टाळणे अवश्य आहे, कारण आपल्याकडे ‘इच्छामरण’ हा एकच शब्द तिन्हींसाठी सर्रास वापरला जातो आणि त्यामुळे सभेतले वाद आणि कोर्टातले वाद दोन्ही गढूळ होतात. पहिली आत्महत्या. दुसरी, वैद्याने प्राणघातक औषध टोचून रुग्णाचे जीवन संपवणे. हिला भारतात आजही कायद्याची मुभा नाही आणि तसे करणारा वैद्य मनुष्यवधाचा आरोपी ठरतो. तिसरी गोष्ट म्हणजे चालू असलेला वा होऊ घातलेला उपचार नाकारणे आणि रोगाला त्याच्या नैसर्गिक गतीने जाऊ देणे. गिरगावातील ठाकूरद्वार भागात राहणाऱ्या एका निपुत्रिक वृद्ध दांपत्याने, कोणतीही गंभीर व्याधी नसताना, २०१७ च्या अखेरीस राष्ट्रपतींकडे वैद्याच्या हातून मरण मिळावे असा अर्ज केला होता. त्या अर्जामागील एकाकीपणा कोणाचेही मन हेलावून सोडील असा होता, परंतु ती मागणी दुसऱ्या प्रकारात मोडत होती. या लेखाचा संबंध फक्त तिसऱ्या प्रकाराशी आहे.

न्यायालयांतील चर्चेची सुरुवात मात्र पहिल्या प्रकारापासून झाली आणि तीही मुंबईत. मिनू मसानी यांनी १९८१ साली सन्मानाने मरण्याच्या हक्काचा पुरस्कार करणारी संस्था मुंबईत काढली होती, पण सुशिक्षितांच्या वर्तुळाबाहेर तिचा आवाज फारसा गेला नाही. १९८६ साली मुंबई पोलीस दलातील, मानसिक आजाराने ग्रासलेल्या एका शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, न्या. पी. बी. सावंत यांच्या लेखणीतून, ३०९ वे कलम घटनाबाह्य ठरवले. जगण्याच्या अधिकारात न जगण्याचा अधिकार अनुस्यूत आहे, असा त्या निकालाचा रोख होता. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी १९९४ मध्ये पी. रथिनम खटल्यात तीच भूमिका घेतली आणि अवघ्या दोन वर्षांत, मार्च १९९६ मध्ये, ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती रद्दबातल केली. घटनेच्या २१ व्या अनुच्छेदात मरण्याचा अधिकार नाही, असे त्या पीठाने निःसंदिग्धपणे सांगितले. परंतु ते सांगत असतानाच त्याने एक खिडकी किलकिली ठेवली. ज्याची मरणप्रक्रिया सुरू झालेलीच आहे, ज्याचा अंत निश्चित आणि निकट आहे, त्याच्या बाबतीत सन्मानाने जगण्याच्या अधिकारात सन्मानाने मरणेही येऊ शकते, अशा आशयाचे ते विधान होते. पुढील बावीस वर्षांचा सारा कायदा त्या खिडकीतून आत आला आहे.

आत आलेले पहिले प्रकरण अरुणा शानबाग यांचे. मूळच्या कर्नाटकातील हळदीपूरच्या आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका असलेल्या या तरुणीवर २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. गळ्याला आवळलेल्या साखळीमुळे मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात, जाणिवेच्या अलीकडच्या एका काठावर, पडून राहिल्या. त्यांच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने मुंबईतील तीन वैद्यांची समिती नेमून तपासणी करविली. आणि ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. अर्ज नामंजूर झाला. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नावर न्यायालयाने बोट ठेवले आणि तो अधिकार अर्जदार लेखिकेचा नसून, सदतीस वर्षे त्यांना भरवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या, त्यांच्या पाठीला व्रण पडू न देणाऱ्या के. ई. एम.च्या परिचारिकांचा व कर्मचारीवर्गाचा आहे, असे ठरवले. आणि त्या साऱ्यांचा अर्जाला ठाम विरोध होता.

या निकालाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात भर घालण्याचा मोह टाळावा हे बरे. तरीही एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मरणासन्न रुग्णाच्या नकाराचा कायदा ज्या प्रकरणातून जन्मला, त्या प्रकरणातील स्त्री मरणासन्न नव्हती, तिच्यावर कोणतेही श्वासयंत्र लावलेले नव्हते, आणि तिने स्वतः कधी काही नाकारलेले नव्हते. ती स्वतःच्या फुप्फुसांनी श्वास घेत होती. बंद करण्यासारखे काही असेल तर ते फक्त अन्न. परिचारिकांच्या सेवेपुढे कोणीही नम्र व्हावे, अशी ती सेवा होती, आणि न्यायालयाने तिचा जो गौरव केला तो योग्यच होता. पण अरुणांची स्वतःची इच्छा काय होती, हा प्रश्न विचारण्याची वेळ १९७३ च्या त्या संध्याकाळीच टळून गेलेली होती, आणि म्हणून त्या खटल्यातून जो नियम बाहेर आला तो रुग्णाच्या इच्छेचा नियम नव्हता. तो भोवतालच्या माणसांच्या आणि न्यायाधीशांच्या विवेकाचा नियम होता. नियम असा की, आप्तेष्टांनी वा वैद्यांनी उपचार थांबवण्याचा निर्णय घेतल्यास उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाची मंजुरी घ्यावी आणि त्या खंडपीठाने तीन वैद्यांचे मत मागवावे. तत्त्व मान्य झाले, पण दारावर असा पहारा बसला की अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर रात्र काढणाऱ्या, पुढच्या डिपॉझिटची जुळवाजुळव करणाऱ्या कुटुंबाने वकील गाठून उच्च न्यायालयात जावे, ही अपेक्षाच मुळी व्यवहाराला सोडून होती.

परदेशांत हा मार्ग काही दशके आधी चालून झाला होता. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली कॅरेन क्विनलन या तरुणीचे श्वासयंत्र काढण्यास तिच्या पित्याला अनुमती दिली; यंत्र निघाले आणि त्यानंतर ती स्वतःच्या श्वासावर १९८५ पर्यंत जिवंत राहिली. यंत्र काढणे म्हणजे जीव घेणे, असा ज्यांचा समज आहे त्यांनी हे प्रकरण अवश्य ध्यानी घ्यावे. इंग्लंडमध्ये १९८९ च्या हिल्सबरो येथील फुटबॉल मैदानावरील चेंगराचेंगरीत मेंदूला कायमची इजा झालेल्या टोनी ब्लँड या तरुणाच्या प्रकरणात तेथील उमरावसभेने १९९३ मध्ये, नळीने दिले जाणारे अन्नसुद्धा वैद्यकीय उपचारच होय आणि तो निष्फळ ठरल्यास थांबवणे हा गुन्हा नव्हे, असा निकाल दिला. आपल्या न्यायालयांनी या निकालाचा आधार वारंवार घेतला, आणि तो घेताना एकदा घोटाळाही झाला: २०११ च्या निकालाने ग्यान कौर प्रकरणाचा अर्थ चुकीचा लावला, अशी शंका सर्वोच्च न्यायालयाच्याच तीन न्यायाधीशांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये व्यक्त केली आणि प्रश्न घटनापीठाकडे पाठवला.

दरम्यान कायदेमंडळ काय करीत होते? विधी आयोगाने मार्च २००६ मध्ये १९६ वा अहवाल सादर केला, त्यासोबत मरणासन्न रुग्णांच्या व वैद्यांच्या संरक्षणाचा विधेयक-मसुदाही जोडला. शुद्धीवर असलेल्या, समजूतदार रुग्णाचा नकार वैद्यावर बंधनकारक असावा, ही त्यातील शिफारस निःसंशय उदार होती. पण रुग्णाने आगाऊ लिहून ठेवलेले इच्छापत्र मात्र निरर्थक समजावे, असेही त्याच मसुद्यात म्हटले होते. ऑगस्ट २०१२ च्या २४१ व्या अहवालाने पुष्कळशी तीच वाट धरली आणि २०१६ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लोकांच्या हरकतींसाठी खुल्या केलेल्या मसुद्यातही आगाऊ इच्छापत्राला जागा नव्हती. गंमत अशी की दुसऱ्याच वर्षी, २०१७ मध्ये, संसदेने जो मानसिक आरोग्य सेवा कायदा संमत केला, त्याच्या पाचव्या कलमात मनोरुग्णाला आपल्यावर पुढे कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे आगाऊ लिहून ठेवण्याची स्पष्ट मुभा दिली. म्हणजे एका मंत्रालयाच्या एकाच काळातील दोन कागदांपैकी एक सांगतो की मनाचा आजार असणाऱ्या माणसाच्या लेखी इच्छेवर विश्वास ठेवावा, आणि दुसरा सांगतो की कर्करोगाने मरू घातलेल्या माणसाच्या इच्छेवर ठेवू नये. या विसंगतीचा खुलासा कोणी मागितला नाही, आणि कोणी दिलाही नाही.

अखेर ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २००५ मध्ये दाखल केलेल्या अर्जावर ९ मार्च २०१८ रोजी सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्या. सिक्री, न्या. खानविलकर, न्या. चंद्रचूड आणि न्या. भूषण यांच्या घटनापीठाने निकाल दिला. सन्मानाने मरण्याचा अधिकार २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या अधिकाराचा भाग आहे. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या व्यक्तीला उपचार नाकारता येतो. आणि पुढे बोलण्याची शक्ती राहणार नाही हे जाणून तिला ती इच्छा आगाऊ लिहूनही ठेवता येते, अशी तीन पावले या पीठाने एकाच दिवसात टाकली. संसद कायदा करीपर्यंत आपले निर्देश लागू राहतील, असेही त्याने जाहीर केले. शासनाच्या वतीने इच्छापत्राला जो विरोध मांडला गेला होता, त्याचा मुख्य आधार गैरवापराचे भय हा होता. न्यायालयाने ते भय नाकारले नाही, त्याने त्या भयाला अनुरूप अशी कार्यपद्धती आखून दिली, आणि येथेच पुन्हा गाडे अडले.

त्या कार्यपद्धतीत इच्छापत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्यांखेरीज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी होती. प्रत्यक्ष उपचार थांबवण्याची वेळ आल्यावर रुग्णालयाने वीस वर्षांच्या अनुभवी तज्ज्ञांचे एक मंडळ भरवावे, त्याचे मत जिल्हाधिकाऱ्याला कळवावे, जिल्हाधिकाऱ्याने जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली दुसरे मंडळ नेमावे, आणि त्याचाही होकार आल्यावर न्यायदंडाधिकाऱ्याने जातीने रुग्णालयात येऊन, रुग्णाला पाहून, मंजुरी द्यावी. ज्याने कधी साधा वारसदाखला काढला आहे त्याला या वर्णनावर भाष्याची जरुरी वाटणार नाही. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात वीस वर्षांच्या अनुभवाचे इतके मेंदूविकारतज्ज्ञ वा मूत्रपिंडतज्ज्ञ कोठून आणावेत, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर ही नस्ती टंचाईच्या आणि निवडणुकीच्या नस्त्यांवर यावी तरी कशी? अधिकार दिला गेला. तो बजावण्याचा शिरस्ता मात्र असा होता की रुग्णाचे मरण त्याच्या अर्जाच्या आधीच येऊन जावे.

अतिदक्षता उपचार करणाऱ्या वैद्यांच्या अखिल भारतीय संघटनेनेच मग न्यायालयापुढे कैफियत मांडली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ यांच्या नेतृत्वाखालील घटनापीठाने हा शिरस्ता बराच सुलभ केला. आता इच्छापत्रावर दोन साक्षीदार आणि न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा आहे. पहिल्या मंडळात उपचार करणारा वैद्य व पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. दुसरे मंडळही रुग्णालयानेच भरवावयाचे, त्यात दोन तज्ज्ञ आणि जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नामनिर्देशित केलेला एक नोंदणीकृत वैद्य. आणि दोन्ही मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावे. जिल्हाधिकारी या साखळीतून वगळला गेला, न्यायदंडाधिकाऱ्याची मंजुरी गेली आणि त्याला फक्त सूचना देणे उरले. रुग्णाच्या वतीने संमती देणाऱ्या एकापेक्षा अधिक व्यक्तींची नावे इच्छापत्रात घालता येतात. इच्छापत्र नसेल तर जवळच्या नातलगांच्या संमतीने हीच रीत चालते. मंडळांनी नकार दिल्यास उच्च न्यायालयात दाद मागता येते. प्रस्तुत लेखकाच्या मते २०१८ च्या निकालाने तत्त्व प्रस्थापित केले असले तरी अधिकार खऱ्या अर्थाने जन्मला तो २०२३ मध्ये.

ही सारी मंडळे आणि साक्षीदार कोणासाठी, याचा मात्र वैद्यांनाही पुष्कळदा विसर पडलेला आढळतो. जो रुग्ण शुद्धीवर आहे, आपला आजार समजून घेऊ शकतो, बोलू शकतो, त्याने केमोथेरपीचे पुढचे चक्र नको, डायलिसिस नको, श्वासयंत्रावर ठेवू नका, असे सांगितल्यास त्याच्या ‘नको’ला कोणत्याही मंडळाच्या मान्यतेची आवश्यकता नाही, त्याच्या संमतीवाचून केलेला उपचार हाच बेकायदेशीर होय. मंडळे आहेत ती ज्याची वाचा गेली त्याच्यासाठी. आपल्याकडे मात्र असे घडते की रोगनिदान मुलाला बाजूला घेऊन सांगितले जाते, आईला ‘थोडी सूज आहे, उतरेल’ म्हणून समजावले जाते, आणि शुद्धीवर असलेली, चार लेकरांचे संसार उभे करून दिलेली स्त्री स्वतःच्या देहाविषयीच्या एकमेव महत्त्वाच्या निर्णयातून प्रेमापोटी बेदखल होते. या प्रेमाला कायदा काय करणार? पण वैद्याने तरी रुग्णाशी प्रथम बोलावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

इच्छापत्राची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे सोपवावी आणि त्याने तिचा सांभाळ करणारा अभिरक्षक नेमावा, अशी त्या निर्देशांतील एक साधी दिसणारी तरतूद आहे. ती कागदावरच राहिल्याचे पाहून मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली, आणि तिच्या रेट्याने महानगरपालिकेने विभागवार आरोग्य अधिकाऱ्यांकडे हे काम सोपवले व राज्यातील इतर ठिकाणीही अभिरक्षकांच्या नेमणुका झाल्या. गोव्यात २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र जाहीरपणे करून नोंदवले. न्यायाधीशाने निकालपत्राबाहेर केलेली ही कृती पुष्कळ निकालपत्रांहून अधिक लोकांपर्यंत पोहोचली असेल. कर्नाटक शासनाने ३० जानेवारी २०२५ रोजी परिपत्रक काढून दुय्यम मंडळाची व्यवस्था लावून दिली. आणि तरीही महाराष्ट्रातील एखाद्या नगरपालिकेच्या खिडकीवर जाऊन हा कागद कोणाकडे द्यावयाचा, असे विचारून पाहावे. कारकुनाच्या चेहऱ्यावरचा प्रश्न हाच उत्तर असतो.

आता या विषयाच्या ज्या अंगाविषयी निकालपत्रे फारशी बोलत नाहीत, त्याकडे वळू. आपल्या देशात उपचारांचा त्याग रोज होतो, सर्रास होतो, पण तो इच्छापत्राने होत नाही. तो रुग्णालयाच्या भाषेत ‘डामा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका कागदाने होतो. वैद्यांच्या सल्ल्याविरुद्ध, आमच्या जबाबदारीवर, रुग्णास घरी नेत आहोत, असे नातलग लिहून देतात, नळ्या निघतात, आणि हाताने दाबावयाच्या फुग्याच्या आधारावर रुग्णवाहिकेतून माणूस गावाच्या वाटेला लागतो. काही वेळा हे सर्वांच्या समजुतीने, सर्वांच्या हिताचे म्हणून घडते. रुग्णाला आपल्या घरात, आपल्या माणसांत डोळे मिटायचे असतात. पण पुष्कळदा त्या कागदाचे खरे कारण कॅश काउंटरवरचा आकडा असतो. दागिने गहाण पडलेले, दोन एकरांचा सौदा झालेला, आणि त्यानंतर ‘सल्ल्याविरुद्ध’ हे शब्द नातलगांच्याच हस्ताक्षरात. वैद्य सुटतो, रुग्णालय सुटते. मनावर ओझे राहते ते मुलाच्या, जन्मभर. शिवाय असा रुग्ण जेव्हा घरी जातो तेव्हा त्याच्यासोबत वेदनाशामक औषध जात नाही, परिचारिका जात नाही, धाप लागल्यावर काय करावे हे सांगणारी चार वाक्येही जात नाहीत. ज्याला कायदा गौरवाने अधिकार म्हणतो, त्याचे हे निराधार रूप आहे. आणि ज्याच्यापाशी पैसा आहे त्याची स्थिती नेमकी उलट, म्हणजे आशा संपल्यावरही यंत्र चालूच. एकाचा उपचार इच्छेविरुद्ध सुटतो आणि दुसऱ्याचा इच्छेविरुद्ध लांबतो. इच्छा मात्र दोन्हीकडे कोणी विचारीत नाही.

या अधिकारावरील आक्षेपांपैकी धर्माचा आक्षेप आपल्या समाजात फारसा जोरकस नाही. प्रायोपवेशन आणि जैनांची सल्लेखना, म्हणजेच संथारा, यांची परंपरा येथे जुनी आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथारा हा गुन्हा ठरवला, तेव्हा त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. खरा आक्षेप इस्टेटीचा आहे. सातबाऱ्यावर नाव असलेला म्हातारा किंवा फ्लॅट जिच्या नावावर आहे ती विधवा आत्या यांच्या ‘इच्छे’वर सही कोणी घेतली, याची शहानिशा नोटरी करणार नाही, नोटरीच्या टेबलापुढे दिवसभरात किती कागद सरकतात हे कचेरीच्या आवारात उभा राहिलेला कोणीही पाहू शकतो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु त्याला उत्तर असे की इच्छापत्राची कोणतीही ताकद दोन वैद्यकीय मंडळांच्या मताशिवाय प्रकट होत नाही, आणि बरा होऊ शकणाऱ्या रुग्णाला त्या कागदामुळे मरणाच्या हवाली करता येत नाही. उलट ज्याला इस्टेटीसाठी घाई झाली आहे त्याला वैद्यकीय मंडळे पार करण्याची गरजच नाही. त्याच्यासाठी डामाचा तो कागद केव्हाचा तयार आहे. गैरवापराची भीती ज्यांना मनापासून वाटते त्यांनी प्रथम त्या कागदाकडे पाहावे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि अपंगांच्या चळवळीतील विचारवंत तो पोटतिडकीने मांडतात: सन्मानाने मरण्याची भाषा वारंवार कानी पडली म्हणजे परावलंबी माणसाला आपले जगणेच असन्मानाचे वाटू लागते. याला निखालस उत्तर प्रस्तुत लेखकापाशी नाही. एवढेच म्हणता येईल की ज्या समाजात वेदना शमवण्याची सोय नाही, त्या समाजात नकाराचा अधिकार हा अर्धा अधिकार असतो, कारण वेदनेने पिळवटलेला माणूस जेव्हा ‘पुरे’ म्हणतो तेव्हा तो उपचाराला म्हणतो की वेदनेला, हे त्यालाही सांगता येत नाही. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली ‘शांती अवेदना’ हे देशातील पहिले अंतिम-शुश्रूषागृह निघाले आणि पुढे गोव्यातही त्याची शाखा झाली. पुण्यात वारजे येथे सिपलाचे केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची सेवा करीत आहे. अशी स्थळे बोटांवर मोजण्याइतकी का राहिली, याचे एक कारण १९८५ चा अमली पदार्थविषयक कायदा आहे; मॉर्फिनसाठी परवान्यांचे जे जंजाळ त्याने उभे केले, त्यापुढे बहुतेक रुग्णालयांनी ते औषध ठेवणेच सोडून दिले. २०१४ च्या दुरुस्तीने ते जंजाळ बरेच सुटले, पण एक सबंध पिढीभर मॉर्फिन हाताळण्याची सवयच न लागलेले वैद्य मात्र राहिले.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जीवनाधार काढून घेण्याविषयीचा मार्गदर्शक मसुदा प्रसिद्ध केला. त्याने सांगितलेल्या अटींत आजार प्रगत असून आक्रमक उपचारांचा लाभ संभवत नाही असे वैद्यकीय मत, रुग्णाचा वा त्याच्या प्रतिनिधीचा जाणीवपूर्वक लेखी नकार आणि न्यायालयाच्या कार्यपद्धतीचे पालन यांचा समावेश आहे. वैद्यांच्या देशव्यापी संघटनेच्या तत्कालीन अध्यक्षांनी या मसुद्याने वैद्य कायद्याच्या कचाट्यात अधिकच सापडतील, अशी नापसंती दर्शवली. त्यांच्या भयात अतिशयोक्ती असली तरी एक सत्य आहे: न्यायालयाचे निर्देश आणि मंत्रालयाचे मसुदे यांच्या आधारावर उभा असलेला वैद्य पोलीस चौकीत आपल्या बचावासाठी कायद्याचे कलम दाखवू शकत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने सरसकट कलम वगळले गेले, हे इष्टच झाले. परंतु नकार मान्य करणाऱ्या वैद्याला संरक्षण देणारे वाक्य तिच्यातही नाही. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा घटनेनुसार राज्यांचा विषय आहे. संसदेने तरी कायदा करावा, नाहीतर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने पुढाकार घ्यावा, आणि त्या कायद्यात तीन गोष्टी असाव्यात: सद्भावनेने नकार मानणाऱ्या वैद्याला फौजदारी कारवाईपासून संरक्षण, प्रत्येक जिल्ह्यात दुय्यम मंडळासाठी वैद्यांची कायम यादी, आणि जो रुग्ण उपचार थांबवून घरी जातो त्याच्यासाठी वेदनाशमनाची शासकीय जबाबदारी. यातील तिसरी गोष्ट मसुद्यांतून सहसा गळते, म्हणून तिचा आग्रह सर्वांत अधिक धरला पाहिजे.

तो कायदा होईल तेव्हा होईल. आज लागू असलेल्या नियमांनुसार वाचकाला जे करता येण्याजोगे आहे ते फार कठीण नाही. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत, हे आपल्या वैद्याशी बोलून स्वच्छ मराठीत लिहावे. आपल्या वतीने कोणी बोलावे त्यांची नावे घालावीत आणि त्यांना ते आधी सांगून ठेवावे. इस्टेटीत ज्यांचा वाटा नाही असे दोन साक्षीदार घ्यावेत. नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही करावी. एक प्रत घरच्यांना, एक कुटुंबवैद्याला द्यावी, आणि एक आपल्या महानगरपालिकेच्या, नगरपालिकेच्या वा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जमा करून तिची पोच घ्यावी. मन बदलल्यास हे इच्छापत्र केव्हाही लेखी रद्द करता येते. अभिरक्षक नेमलेला नाही, असे उत्तर खिडकीवर मिळाले तर ते लेखी मागावे.